मशीन पाणी घ्यायचं थांबत नसेल तर: सेन्सर बदलण्याआधी हवेची नळी तपासा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. पाळीच्या दिवशी हौद, टाकी, पिंपं, कळशा भरून घ्यायच्या आणि पुढची पाळी येईपर्यंत ते पाणी पुरवायचं, ही इथल्या घराघरातली सवय. अशा घरात वॉशिंग मशीन पाणी घ्यायचं थांबलंच नाही तर काय होतं, ते मी एका संध्याकाळी पाहिलं. मशीन लावून आम्ही बाहेर गेलो होतो. परत आलो तर मशीनच्या ओव्हरफ्लोचं पाणी मोरीत वाहत होतं आणि गच्चीवरची टाकी तळाला गेली होती. पुढच्या पाळीला अजून तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. पाच मिनिटं बघून म्हणाला, "बोर्ड गेलाय, बदलावा लागंल." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. त्याने सांगितलेल्या पैशांत जुनं मशीन विकत मिळालं असतं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि रविवारी स्वतः मागचं पॅनेल उघडलं. आत पेन्सिलीएवढ्या जाडीची एक रबरी नळी होती आणि तिला उंदराने कुरतडून मोहरीएवढं भोक पाडलेलं होतं. नळी बदलली. ते मशीन आजही चालतंय.

त्यानंतर शेजारपाजारची, नात्यातली बरीच मशीन उघडून पाहिली. पाण्याच्या पातळीचा बिघाड म्हणून जी दाखवली गेली, त्यांतल्या बहुतेकांत पाण्याची उंची ओळखणारा सेन्सर धडधाकट होता. सेन्सरपर्यंत हवेचा दाब पोचत नव्हता. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग नळी, मग नळीच्या बुडाशी साचलेला गाळ आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. ज्यांनी आजवर मशीनचा एक स्क्रूसुद्धा काढलेला नाही, त्यांना समोर ठेवून लिहितोय.

हे सगळं फुल ऑटोमॅटिक मशीनसाठी आहे, मग ते वरून कपडे टाकायचं असो की समोरून. सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी आपण डोळ्यांनी बघून बंद करतो, तिथे हा सेन्सर नसतो. आणि तुमचं मशीन वॉरंटीत असेल तर पहिल्या चार पायऱ्या करा, त्यापुढे कंपनीला फोन करा. स्वतः उघडलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

सेन्सरला पाणी कळतं कसं

हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

एक रिकामा पेला पालथा धरून पाण्याच्या बादलीत सरळ खाली दाबा. आत अडकलेली हवा दबते आणि हाताला वरच्या दिशेने जोर जाणवतो. जितकं खोल दाबाल तितका जोर वाढतो. मशीनमध्ये हेच घडतं. टबच्या बुडाजवळ एक छोटा प्लास्टिकचा कप्पा असतो, त्याला एअर चेंबर म्हणतात. तो आपला पालथा पेला. त्याच्या वरच्या टोकाला बारीक नळी जोडलेली असते, ती मशीनच्या आतून वर जाते आणि वरच्या बाजूला, बहुतेक कंट्रोल पॅनेलच्या जवळपास, एका गोल डबीला जाऊन मिळते. ती डबी म्हणजे लेव्हल सेन्सर. मेकॅनिक त्याला प्रेशर सेन्सर किंवा प्रेशर स्विचही म्हणतात. टबात पाणी चढलं की कप्प्यातली हवा दबते, तो दाब नळीतून डबीत जातो आणि डबीतला रबरी पडदा हलतो.

म्हणजे चांगल्या चालणाऱ्या मशीनमध्ये सेन्सरला पाण्याचा थेंबही लागत नाही. तो मोजतो हवेचा दाब. आणि हा दाब किती नाजूक असतो बघा: १० सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ किलोपास्कल भरतो, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. इतक्या लहान दाबाचा हिशेब असल्यामुळे सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा तो बिघडवतं.

जुन्या मशीनमधल्या डबीत साधा स्विच असतो. पडदा ठरावीक उंचीला गेला की 'टिक' आवाज होऊन स्विच बदलतो. आताच्या मशीनमध्ये पडद्यावर फेराइटचा (एका चुंबकीय पदार्थाचा) छोटा तुकडा असतो, तो तारेच्या गुंडाळीत आत-बाहेर सरकतो, त्यामुळे सर्किटची फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी विजेची कंपनं, बदलते आणि त्या बदलावरून बोर्ड पाण्याची उंची ओळखतो. दोन्हींत हवेची वाट मात्र एकच.

लक्षण नीट ओळखा

'मशीन बिघडलंय' एवढ्यावर काही कळत नाही. मशीनमध्ये कपडे न टाकता ते चालू करा आणि समोर पंधरा मिनिटं बसून बघा.

पाणी भरतच राहतं, धुवायला सुरुवात होत नाही, असं असेल तर सेन्सरला टब रिकामाच वाटतोय. नळी सुटलेली, फाटलेली असेल किंवा कप्प्याचं तोंड बुजलेलं असेल.

पाणी नीट भरलं, मशीन फिरायला लागलं, पण दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाणी घ्यायला लागलं, मग पुन्हा. नळीत बारीक गळती असेल तर असं होतं. भरताना दाब तयार होतो, नंतर हवा हळूहळू निसटते आणि सेन्सरला पाणी कमी झाल्यासारखं वाटतं. आमच्या मशीनने टाकी रिकामी करण्याआधी दोन आठवडे हेच केलं होतं. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं असतं तर टाकी वाचली असती.

याउलट, पाणी सगळं गेलेलं दिसतंय पण ड्रेन पंपाची घरघर थांबत नाही, पिळायला सुरुवात होत नाही, समोरचा दरवाजा उघडत नाही. म्हणजे टब भरलेला असताना नळी किंवा कप्पा बुजला आणि आतला दाब तसाच अडकून पडला. सेन्सरला अजून पाणी दिसतंय.

स्क्रीनवर कोड येत असेल तर तो लिहून ठेवा. एलजीच्या मशीनवर 'पीई' म्हणजे प्रेशर सेन्सरचा दोष, 'आयई' म्हणजे पाणी आत येत नाही, 'ओई' म्हणजे बाहेर जात नाही आणि 'एफई' म्हणजे प्रमाणाबाहेर भरलं. सॅमसंगवर '१ई' किंवा '१सी' हा पाण्याच्या पातळीच्या सेन्सरचा, '४ई' किंवा '४सी' पाणी न येण्याचा. बाकीच्या कंपन्यांचे कोड वेगळे असतात, मशीनसोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर सापडतील. एक लक्षात असू द्या, सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर मेला असं नाही. सेन्सरकडून येणारं उत्तर बोर्डाला पटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चादरींचा घोळ

आपल्या गावात हे खास सांगायला हवं. सोलापुरी चादर किंवा जाड टर्किश टॉवेल कोरडे असताना ड्रममध्ये निम्मी जागा घेतात आणि पाणी आत आलं की ते अक्षरशः पिऊन टाकतात. सेन्सर मोजतो मोकळ्या पाण्याची उंची. कपड्यात मुरलेलं पाणी त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून दोन चादरी टाकल्यावर मशीन पाणी घेतं, थोडं फिरतं, पातळी खाली गेली म्हणून पुन्हा घेतं, असं दोन-तीनदा होणारच. हा बिघाड नव्हे. रोजच्या कपड्यांनाही तसंच होत असेल तर मात्र पुढे तपासा.

आणखी एक. समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये धुताना पाणी काचेच्या खालच्या कडेपाशी, कधी तर त्याच्याही खाली दिसतं. त्या मशीनची रचनाच कमी पाण्याची असते. साधं मशीन वापरून नवीन घेतलेल्या घरांत "पाणी कमी घेतंय, सेन्सर खराब निघाला" अशी तक्रार होते. ती बाजूला ठेवा.

पहिली पायरी: प्लग काढून पाणी बघा

मशीन पाणी घेत असताना सरळ भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. पाणी थांबलं का?

प्लग काढूनही पाणी येतच राहिलं तर सेन्सरचा काही संबंध नाही. मागे नळाची नळी जिथे जोडलेली असते तिथला इनलेट व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. बोअरच्या पाण्याचे क्षार किंवा वाळूचा कण त्यात बसतो. नळ बंद करा आणि तो व्हॉल्व्ह बदलून घ्या. या एका तपासणीने अर्ध्या मिनिटात दोन वेगळे आजार वेगळे होतात, म्हणून ती चुकवू नका.

दुसरी: पाणी मागच्या मागे निघून तर जात नाही ना

मशीन भरत असताना ड्रेन पाईपचं तोंड बघा. तिथून बारीक धार लागली असेल तर टब कधीच भरणार नाही आणि त्यात सेन्सरचा दोष नसेल.

वरून कपडे टाकायच्या बऱ्याच मशीनमध्ये पाईप मोरीत जमिनीवरच टाकलेला असतो. तिथे पाणी अडवायचं काम आतला ड्रेन व्हॉल्व्ह करतो. त्यात नाणं, हेअरपिन, सुताचा गुंता अडकला की तो पूर्ण मिटत नाही. समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये पाईपचं तोंड उंचावर, साधारण ६० ते १०० सेंटीमीटरवर असावं लागतं. तो पाईप कोणी साफसफाई करताना खाली टाकला असेल तर पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. पाईप भिंतीतल्या भोकात फार आत खुपसला असेल, हवेला जागाच नसेल, तरीही असंच होतं.

तिसरी: पाणी येतंय तरी किती

मशीनच्या वरच टाकी असेल, म्हणजे टाकी गच्चीवर आणि मशीन वरच्या मजल्यावर, तर दाब कमी पडतो आणि भरायला फार वेळ लागतो. ठरावीक वेळेत पातळी आली नाही की मशीन पाणी न आल्याचा कोड दाखवतं. नळी मशीनपासून सोडवून बादली लावा आणि धार कशी पडते ते बघा. त्याच वेळी मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पकडीने ओढून काढा, जुन्या टूथब्रशने घासा. पाळीच्या पहिल्या पाण्याबरोबर येणारा गाळ त्या जाळीत बसतो.

चौथी: विश्रांती

प्लग काढून दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा, कपड्यांशिवाय साधी फेरी चालवा. वीज ये-जा झाल्यावर कधी कधी बोर्ड गोंधळलेला असतो आणि एवढ्याने सुटतो. दोष परत आला तर पेचकस घ्या.

उघडण्याआधी

प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, कारण जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर लावलेलं सापडतं आणि मग बटण बंद असूनही मशीनमध्ये वीज असते. प्लग काढल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या, बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये राहिलेली वीज उतरते. नळ बंद करा. टबातलं पाणी पूर्ण काढा. पायाखालची फरशी कोरडी करा, चप्पल घाला. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे असले तर उत्तम. मशीन तिरकं करायचं असेल तर एकट्याने करू नका. समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये टबाला सिमेंटचं वजन बांधलेलं असतं, ते हाताने आवरत नाही.

लागणारं सामान थोडंच आहे: चार पाती पेचकस, पक्कड, बॅटरी, मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सुई नसलेली सिरिंज, फडकी, नायलॉनचे टाय आणि असल्यास मल्टीमीटर, म्हणजे वीज मोजायचं छोटं यंत्र. आणि मोबाईल. प्रत्येक वायर, प्रत्येक क्लिप काढण्याआधी फोटो घ्या. जोडताना तोच फोटो तुम्हाला वाचवतो.

पाचवी: डबी आणि नळी शोधा

समोरून कपडे टाकायच्या मशीनचं वरचं झाकण मागच्या बाजूने दोन-तीन स्क्रूंवर असतं. ते काढून झाकण मागे सरकवा, मग उचला. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये कंट्रोल पॅनेलमागचे किंवा मागच्या पत्र्याचे स्क्रू काढावे लागतात.

आत बॅटरी मारा. साधारण बिस्किटाएवढी गोल प्लास्टिकची डबी दिसेल. तिला एका बाजूला वायरींचा जोड, बहुतेक तीन वायरींचा आणि दुसऱ्या बाजूला बारीक नळी. ही नळी हाताने न ओढता डोळ्यांनी खालपर्यंत तपासा. ती कुठे सुटली आहे का, पिळलेली आहे का, पत्र्याला घासून झिजली आहे का, टबाच्या हलण्याने ताणली जाते का, मधेच खाली लोंबून तिथे पाण्याचे थेंब साचलेत का. नळीत अडकलेलं पाणी दाबाचा हिशेब चुकवतं.

उंदीर हा आपल्याकडचा मोठा शत्रू आहे. मशीन बाल्कनीत किंवा मागच्या पडवीत ठेवलेलं असेल तर खालच्या मोकळ्या जागेतून ते आत शिरतात आणि ही मऊ नळी त्यांना फार आवडते. दातांच्या खुणा, लेंड्या, कागदाचे कपटे दिसले की नळीचा इंच न इंच बघा. वायरींनाही दात लागले असतील तर मशीन तसंच चालू करू नका, आधी त्या वायरी दुरुस्त करून घ्या.

सहावी: फुंकर

आता खरी तपासणी. डबीकडचं नळीचं टोक क्लिप दाबून काढा. टोक पुसून तोंडात धरा आणि टबाच्या दिशेने हलकेच फुंका. टब रिकामा आहे, त्यामुळे हवा सहज गेली पाहिजे. कान देऊन ऐकलं तर टबातून बारीक 'फुस्स' ऐकू येतं.

हवा जात नसेल, गाल फुगत असतील तर खालचा कप्पा किंवा नळी बुजलीय. सातव्या पायरीकडे चला.

हवा जाते, पण शंका आहे की मधेच कुठे निसटते, तर नळी दोन्हीकडून सोडवून बादलीत बुडवा, एक टोक अंगठ्याने बंद करा आणि दुसऱ्यातून फुंका. सायकलचं पंक्चर काढतात तसंच. बुडबुडा आला तिथे भोक. टोकाजवळ चीर असेल आणि नळी पुरेशी लांब असेल तर अर्धा इंच कापून नव्याने बसवता येते. मधे भोक असेल तर चिकटपट्टी, फेव्हिक्विक यांच्या नादी लागू नका, टबाच्या हादऱ्यात ते टिकत नाही. नवीन नळी घ्या. जुनीचा तुकडा दुकानात घेऊन जा, आतला व्यास आणि लांबी तीच हवी. किंमत फार नसते.

एक कळकळीची सूचना. डबी जोडलेली असताना नळीत कधीही जोराने फुंकू नका आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. मगाशी म्हटलं ना, हा पडदा किलोपास्कलमध्ये काम करतो. तोंडाने जोर लावला तरी त्याच्या कितीतरी पट दाब तयार होतो. चांगला सेन्सर मी असा फाटलेला पाहिला आहे.

सातवी: एअर चेंबरचा गाळ

सोलापुरातल्या मशीनमध्ये मला हाच दोष सगळ्यात जास्त दिसला आणि कारणं आपल्या घरातच आहेत. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की पांढरट, चिकट साय तयार होते. त्यात नव्या टॉवेलांचं आणि चादरींचं सूत. सूत, साय आणि न विरघळलेली पावडर एकत्र येऊन जो लगदा होतो, तो टबाच्या बुडाशी नेमका त्या कप्प्याच्या तोंडात बसतो. थर हळूहळू वाढतो, म्हणून मशीन एकदम बंद न पडता कधी नीट, कधी वेड्यासारखं वागतं.

नळी कप्प्यापासून सोडवा. सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून कप्प्याच्या नळकांड्यातून आत ढकला, चार-पाच वेळा. खालून काळपट गाळ येईल. तो येईनासा होईपर्यंत करत राहा. उकळतं पाणी वापरू नका, प्लास्टिक वाकतं. घट्ट बसलेल्या थरासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबू सत्त्व कोमट पाण्यात, एका पेल्याला एक चमचा, विरघळवून आत सोडा, अर्धा तास ठेवा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड आत ओतणारे लोक आहेत. त्याने रबर आणि धातू दोन्ही खराब होतात, कृपा करून ते करू नका.

काही मशीनमध्ये हा कप्पा एका स्क्रूवर किंवा क्लिपवर सुटा निघतो. निघत असेल तर काढून ब्रशने आतून घासा आणि बसवताना त्याचं रबर नीट बसलंय ना, ते बघा. तिथून पाणी गळू शकतं.

नळीही आतून धुवा आणि पूर्ण वाळवा. मधे एक थेंबसुद्धा नको. उन्हाळ्यात गच्चीवर पंधरा मिनिटं पुरतात, पण थेट फरशीवर टाकून विसरू नका. वैशाखातल्या आपल्या उन्हात नळी मऊ पडून चपटी होते.

आता जोडणी, आणि इथे चूक होते. नळी जोडताना टब पूर्ण रिकामा हवा. टबात पाणी असताना नळी काढून पुन्हा लावली तर कप्प्यातली हवा निघून जाते, पाणी आधीच वर चढलेलं असतं आणि सेन्सर त्या पातळीलाच शून्य धरून बसतो. मग सगळं दुरुस्त करूनही मशीन जास्त पाणी घेतं आणि आपण नव्याने गोंधळतो. शेजारच्या काकूंकडे मी हीच चूक केली होती. त्या म्हणाल्या, "अहो, आता तर आधीपेक्षा जास्त भरतंय की ओ!" पाणी काढून नळी पुन्हा बसवली आणि मशीन वळणावर आलं.

आठवी: वायरींचा जोड

डबीला लावलेला कनेक्टर त्याची कुंडी दाबून काढा. वायर धरून ओढू नका. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी, मुंग्या, ओल दिसते का? कोरड्या ब्रशने साफ करा, दोन-तीनदा काढून-घालून घट्ट बसवा. पंढरपूरला मावशीच्या घरी स्क्रीनवरचा कोड एवढ्यानेच गेला होता.

नववी: आता सेन्सर

एवढं सगळं ठीक निघालं तरच सेन्सरवर संशय घ्या.

जुन्या पद्धतीच्या प्रेशर स्विचची परीक्षा सोपी आहे. डबीच्या तोटीला स्वच्छ नळीचा छोटा तुकडा लावा आणि अगदी हळू, दिवा न विझेल इतक्या हलक्याने, हवा भरा. 'टिक' आवाज यायला हवा. नळीचं तोंड जिभेने बंद करून दाब धरून ठेवा, तोवर स्विच तसाच राहिला पाहिजे. सोडलं की पुन्हा 'टिक'. धरून ठेवलेला असतानाच परत 'टिक' झाली तर पडदा गळतोय. मल्टीमीटर असेल तर 'टिक' होताना जोड बदलतो का, तेही बघता येतं.

इलेक्ट्रॉनिक सेन्सरमध्ये 'टिक' नसते. गुंडाळीवाल्या सेन्सरच्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटरने ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजले तर बऱ्याच मशीनमध्ये वीस-पंचविसाच्या आसपास आकडा येतो. तीनपैकी कोणत्या दोन, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून तिन्ही जोड्या मोजून बघा. कुठल्याच जोडीत काही दाखवत नसेल तर गुंडाळी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. काही सेन्सर मात्र गुंडाळीचे नसून चिपचे असतात, त्यांची परीक्षा ओहममध्ये होत नाही. फ्रीक्वेन्सी मोजायची तर मशीन उघडं ठेवून वीज चालू करावी लागते. ते घरी करू नका, जाणकाराकडे सोपवा.

डबीवर एखादा छोटा स्क्रू दिसला, त्यावर रंगाचा ठिपका किंवा मेणासारखं काही दिसलं तर त्याला हात लावू नका. कारखान्यात पातळी जुळवून तो बंद केलेला असतो. एकदा फिरवला की मूळ जागा सापडत नाही.

नवा सेन्सर घेताना मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि जुनी डबी दोन्ही सोबत न्या. तीन पिना जुळल्या, तोटी जुळली म्हणजे सेन्सर जुळला असं होत नाही. दिसायला जुळी भावंडं असलेल्या डब्या वेगळ्या दाबासाठी बनवलेल्या असतात. दुकानदार "हेच चालतंय की" म्हणाला तरी नंबर जुळवून घ्या आणि चाललं नाही तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.

नळी, कप्पा, जोड, सेन्सर सगळं चांगलं असूनही दोष राहिला, तर वायरींचा पट्टा मधे तुटलेला असू शकतो किंवा खरोखरच बोर्ड गेलेला असू शकतो. आता मेकॅनिकला बोलवा आणि काय काय तपासलं ते त्याला क्रमाने सांगा. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर खूश होतो, त्याचाही तास वाचतो.

शेवटची फेरी

सगळं जोडलं, फोटोशी ताडून पाहिलं, झाकण बसवलं. मग प्लग लावा. कपडे नाहीत, पावडर नाही, नुसतं पाणी. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये पातळी हाताने निवडता येत असेल तर आधी सगळ्यात कमी ठेवा. पाणी थांबलं की त्या उंचीवर टबाच्या आत पेन्सिलीने खूण करा आणि मशीन पॉझ करून वीस मिनिटं सोडा. मग पुन्हा चालू करा. मशीनने नव्याने पाणी न घेता फिरायला सुरुवात केली म्हणजे हवा कुठेही गळत नाही. नंतर पूर्ण पातळीवर एकदा आणि शेवटी पाणी काढून पिळण्यापर्यंत एकदा. हे पाणी बादल्यांत धरून ठेवा, फरशी पुसायला, कुंड्यांना उपयोगी पडतं.

पहिल्या दोन-तीन धुलाया घरात असतानाच करा. पावडर निम्म्यावर आणा, कारण फेस जास्त झाला की तोही पातळीचा घोळ करतो. हाताने कपडे धुवायची फेसाळ पावडर समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये तर वापरूच नका. नवे टॉवेल आणि चादरी पहिल्या एक-दोन वेळा बादलीत धुवा, सुटं सूत तिथेच निघून जाऊ दे. मशीनच्या खालच्या मोकळ्या जागेला बारीक तारेची जाळी लावली तर उंदीर आत येत नाहीत, फक्त जाळी फिरणाऱ्या भागांना लागणार नाही याची खात्री करा.

आणि मागचा पत्रा बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवा: नळी बदलली, कप्पा साफ केला. सहा महिन्यांनी पुन्हा उघडाल तेव्हा कुठून सुरुवात करायची ते तिथेच वाचायला मिळेल.